हमझा सारंग ऊर्फ मुकादम

आमच्या दुकानातला एसी गळायचा. त्याच्याखाली उभं राहू नका, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. त्या मंगळवारी सांगायचं राहिलं, आणि फाइल उघडून उभ्या असलेल्या त्या माणसाच्या कागदावर टपकन थेंब पडला. शाईतलं एक नाव पसरलं.

"गेला," तो शांतपणे म्हणाला. "दोनशे वर्षं टिकला होता बिचारा."

मी टिपकागद दिला. तो डोळ्यांनी हसला. डोळ्यांनी हसणाऱ्या पुरुषांवर मी विश्वास ठेवत नाही.

ही शहाण्णव सालची गोष्ट. आखातात, मनामा शहरात सदानंदभाऊंचं टायपिंग आणि फॅक्सचं दुकान होतं आणि मी तिथे टायपिस्ट होते. हा हमझा, मआमीरजवळच्या एका कारखान्यात कॅनडाच्या देजार्दँ साहेबांचा क्लार्क. साहेबांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधून कॅनडाला गेलेले. मार्चमध्ये रिटायर होण्याआधी त्यांना घराण्याचा वंशवृक्ष पुरा करायचा होता. कॅनडातल्या चर्चच्या वह्यांमध्ये जन्म, लग्न, मृत्यू सगळं लिहिलेलं असतं म्हणे. दर मंगळवारी हमझा पत्रं आणायचा, मी टाइप करून फॅक्स करायची.

"या नावांच्या मधे सारखं 'डी-आय-टी' काय आहे?" मी एकदा विचारलं.

"फ्रेंच. वाचायचं 'दी'. म्हणजे आपलं ऊर्फ. एक नाव घराण्याचं, दुसरं लोकांनी पाडलेलं."

"पोलिसांच्या यादीत असतं तसं?"

"तुम्हाला बरे सगळीकडे पोलीसच दिसतात."

दिसणारच. माझ्या थोरल्या बहिणीच्या, नुसरतआपाच्या नवऱ्याची दोन नावं होती, एक इथल्या कार्डावर, एक गावाकडे. आणि प्रत्येक नावाला एकेक बायको. आपा तेव्हापासून आमच्याकडेच राहते आणि टपाल आलं की अजून दचकते.

तरी मंगळवार आला की मी ओढणी नीट करायची... हे खरंच आहे, कशाला लपवू?

मग एक दिवस त्याने रेसिडेंट कार्ड झेरॉक्सला दिलं. त्यावर हमझा मुकादम. आणि खिशातून पडलेल्या, गावाहून आलेल्या पत्राच्या पाकिटावर... हमझा सारंग. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी पाकीट उचलून दिलं.

नेमकं त्याच दिवशी तो म्हणाला, "साहेब गेले की माझाही व्हिसा खलास. मी दाभोळला परत जाणार. त्याआधी... माझी खाला, आईची बहीण, इथेच सनदला राहते. तिला मागणी घेऊन तुमच्या घरी पाठवू?"

"मुकादमांची खाला, की सारंगांची?"

त्याचं हसू मावळलं. "आजोबा बोटीवर खलाशांचे सारंग होते, म्हणून गावात आम्ही सारंग. कागदावर मुकादम. एवढंच आहे, अकीला."

"आपाचा नवराही एवढंच आहे म्हणायचा."

तो गेला. दाभोळ माझ्या मामूंचं गाव. मी त्याच संध्याकाळी कार्डावरचं नाव लिहून त्यांना पत्र टाकलं आणि तीन आठवडे धड जेवले नाही. हमझा यायचा, कागद ठेवायचा, जायचा. शेवटी उत्तर आलं. 'बेटा, हमझा मुकादम नावाचा माणूस दाभोळात नाही. सगळ्यांना विचारलं.'

मी पत्र पर्समध्ये घातलं आणि मशीनसमोर बसले. कॅनडाहून फॅक्स आला होता. साहेबांच्या खापरपणजोबांचं, जोसेफ देजार्दँचं लग्न सापडलं होतं, मृत्यू सापडला होता, जन्म मात्र कुठेच सापडेना. म्हणून चर्चने गावातल्या त्या काळच्या सगळ्या मुलांची यादी पाठवली होती. रागाच्या भरात मी एकेक ओळ तपासत गेले.

एका ओळीवर बोट थांबलं. जोसेफ रुआ. आई मारी-आंजेलीक तिबो. लग्नाच्या नोंदीत देजार्दँच्या आईचं नावही तेच होतं. गाव तेच. माणूस एकच, आडनावं दोन, आणि आपण शोधत होतो भलत्याच नावाने.

मी पर्समधलं मामूंचं पत्र काढून पुन्हा वाचलं. मग सदानंदभाऊंना म्हटलं, "भाऊ, दाभोळला फोन लावायचा आहे."

"सारंगांचा हमझा?" मामू तिकडून ओरडले. "मग तसं लिवायचं ना गो! मुकादम कोन वलकतो त्याला? लग्न? कसलं लग्न... त्याची आई दोन वर्सं पोरगी शोधतेय."

पुढच्या मंगळवारी हमझा आला आणि एसीपासून दोन हात लांब उभा राहिला. मी फॅक्स पुढे केला.

"जोसेफ सापडला. दोन नावं, पण माणूस एक. बायकोही एकच."

"नीट तपासलंत?"

"तपासलं." मी मान खाली घातली. "दोघांचंही. माझं चुकलं, हमझा. मी घाबरले होते."

"पुन्हा संशय आला तर?"

"येणारच. तेव्हा आधी तुम्हालाच विचारीन."

"निकाहनाम्यावर दोन्ही नावं लिहिली तर..." तो हळूच म्हणाला, "खालाला पाठवू?"

मी मशीनला कोरा कागद लावला, एक ओळ मारली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. अकीला काझी दी सारंग.

त्याने ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. "यात चूक आहे," तो म्हणाला.

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"बायकांसाठी 'दी' नाही, 'दीत'. स्पेलिंगमध्ये 'टी'च्या पुढे एक 'ई' लागतो. साहेबांनी शिकवलंय."

मी कागद पुन्हा मशीनला लावला आणि 'ई' मारला.