दाबलेली पट्टी

वेदांग, मोबाईल ठेव खाली. ही आपल्या कांचघर मोहल्ल्यातल्या गुणवंत मिस्त्रीची गोष्ट आहे. खोटी वाटली तं उद्या त्याच्याच घरी जाऊन पाहून ये.

गेल्या वर्षी, संक्रांतीच्या आदल्या रात्री गुणवंत माझ्याकडे टॉर्च मागायला आला. पोरीसाठी, यशोधरेसाठी, त्यानं जुना पियानो घेतला होता. सकाळी तिला परीक्षेचा व्हिडिओ पाठवायचा होता, आन् पियानो पार बेसूर. सूर लावणारा नागपूरहून चार दिवसांनी येणार होता.

"दुसरा कोणी पाहा ना," मी म्हटलं.

"काहून, श्रीपाद भाऊ? जिंदगीभर फॅक्टरीत तोफांचे नट कसले. ह्या तारा काय भारी हायेत?" पठ्ठ्यानं लेथवर स्वतःच तारा पिळायची चावी बनवून आणली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

घरचे झोपले. हा डोकं पियानोत घालून तारा पिळून राहिला. सवयीनं तोंडातून निघालं, "दे!"

फॅक्टरीत असंच चालते. मिस्त्रीचं डोकं मशीनमध्ये, हेल्पर बाहेर. मिस्त्री 'दे' म्हणाला की हेल्परनं बटण दाबायचं. 'सोड' म्हणेपर्यंत बोट काढायचं नाही.

सूर वाजला.

पोरगी उठली असेल, असं वाटलं त्याला. "सोड." पट्टी सुटली. "दे." वाजली. एकेक तार जुळत गेली. शेवटची राहिली.

"दे!"

वाजली.

"शाब्बास, बेटा," म्हणून त्यानं डोकं वर काढलं.

खोलीत कोणी नव्हतं.

एक पट्टी... खाली दबलेली.

इतकं बिनचूक एकच माणूस करायचा. टिकाराम. त्याचा जुना हेल्पर. दोन वर्षांआधी वारलेला...

गुणवंतला पळायचं होतं. चावीवरची मूठ उघडेना. मुठीवर कोणाचा तरी... थंड... 'सोड' म्हणायला गेला. आवाज नाही. रात्रभर तसाच. वाकलेला.

सकाळी त्याची बायको, विनता वहिनी, चहा घेऊन आल्या, तेव्हा मूठ सुटली. पियानो अगदी सुरात लागला होता. ती एक पट्टी तेवढी वर येईना. यशोधरा बिचारीनं तो सूर गाळूनच वाजवलं. नागपूरच्या माणसानं नंतर सगळं खोलून पाहिलं. म्हणाला, "बिघाड काहीच नाही."

मी गुणवंतला म्हटलं, "अरे, आता तरी 'सोड' म्हण त्याला."

"म्हणीन, भाऊ. पण त्यानं पट्टी सोडली... आन् पुन्हा माझा हात धरला तं?"

मागच्या रविवारी गेलो होतो मी.

पट्टी... अजून खालीच आहे.