केसरचा परिंडा

मंदाकिनीबाईंनी हवामान केंद्राच्या खांबाला हळदकुंकू लावलं, आणि पाणी पर्जन्यमापकात उडू नये म्हणून चार हात लांब, नवरा उभा होता तिथे जाऊन नारळ फोडला.

"अगं, यंत्र आहे ते, सत्यनारायण नव्हे," रंगनाथराव म्हणाले.

"आणि तुमच्या प्रकल्पावर दसऱ्याला सौरपट्ट्यांना झेंडूच्या माळा घालता, त्या कशाला?"

रंगनाथरावांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. त्यांची बदली थरच्या वाळवंटात झाली, तेव्हा बाई चाळीसगावच्या शाळेतली भूगोलाची नोकरी सोडून सोबत आल्या होत्या. चार घरांच्या ढाणीत त्यांचं बस्तान आता चांगलं बसलं होतं.

त्या वर्षी थरच्या आकाशात मेघचर फिरू लागले होते. मेघचर म्हणजे घारीएवढी, उन्हावर चालणारी विमानं. ढगात शिरून ती थेंबांना विद्युतभार देत. एरवी एकमेकांपासून फटकून राहणारे बारीक थेंब मग एकत्र येत, जड होत आणि खाली पडत. पण मेघचर मोजके आणि वाळवंट अफाट. पडलेला थेंब वाटेतच सुकणार नाही इतकी ओली हवा नेमकी कुठे आहे, हे त्यांना घराघरांतली हवामान केंद्रं सांगत. ज्या केंद्राच्या नोंदी महिनाभर खऱ्या ठरत त्याला हिरवा दिवा मिळे, आणि मेघचर त्याच्याच हाकेला येत.

बाईंना तो दिवा हवा होता केसरसाठी. शेजारच्या केसरनं त्यांना बाजरीचा सोगरा थापायला शिकवलं होतं, मारवाडी बोलायला लावलं होतं. तिचा टांका, म्हणजे जमिनीत बांधलेला झाकणाचा हौद, तळाला गेला होता. यंदा तो भरला नाही तर आईला जोधपूरला न्यायचं, असं मुलांनी ठरवून टाकलं होतं. केसर गेली तर बाईंनी गप्पा काय वाळूशी मारायच्या?

पहिला आठवडा छान गेला. मग यंत्राला वेड लागलं. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि रोज दुपारी पडद्यावर पावसाची नोंद! केंद्राचा दिवा लाल झाला. बाईंनी पर्जन्यमापक पुसला, तारा तपासल्या, मदतकेंद्रावरच्या मुलाला भंडावून सोडलं.

"नारळ नासका निघाला असेल," रंगनाथराव म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना स्वतःचा चहा स्वतः करावा लागला.

शेवटी बाई भर दुपारी छत्री घेऊन खांबासमोर ठाण मांडून बसल्या. खांबाच्या आडव्या दांडीवर केसरनं पहिल्या आठवड्यानंतर परिंडा टांगला होता. पाखरांसाठी पाणी ठेवायचं ते मातीचं पसरट भांडं. बाईंनी त्याचं तोंडभरून कौतुकही केलं होतं. आता दोन बुलबुल आले, परिंड्यात उतरले आणि मनसोक्त आंघोळीला लागले. पाण्याचे तुषार थेट खालच्या पर्जन्यमापकात! बाईंनी कपाळावर हात मारला. आयुष्यभर मुलांना निरीक्षण करा म्हणून सांगितलं, आणि नाकासमोरचं दिसलं नाही.

"केसर, तुझ्या पाखरांनी माझी अब्रू घालवली!"

केसर पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग सगळं समजल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. "भाभीसा, अंगणात खांब उभा आणि त्यावर पाणी नाही, बरं दिसत नव्हतं. पण एकदा टांगलेला परिंडा उतरवत नाहीत. पाखरं आशेनं येतात."

"तुझ्याच टांक्यात पाणी नाही, बाई!"

"म्हणून त्यांनी तहानलेलं राहायचं?"

परिंडा उतरायचा नाही, तर उरला खांब. दुसऱ्या दिवशी अख्खी ढाणी कामाला लागली. खांब काढेपर्यंत परिंडा खेजडीच्या फांदीवर गेला. तो तिथेच राहू दे म्हटलं, तर केसर म्हणाली, बुलबुलांना जुनी जागाच पाठ आहे. मग त्या जागी साधी काठी रोवून परिंडा परत तिथेच टांगला आणि हवामान केंद्र घरामागच्या टेकाडावर नेलं. पुन्हा नारळ फुटला. या वेळी रंगनाथरावांनी स्वतः फोडला.

महिन्यानं दिवा हिरवा झाला. पुढच्याच आठवड्यात नैऋत्येकडून एक ढग आला, केंद्रानं हाक दिली, आणि पाच मेघचर त्यात शिरले. थोड्या वेळानं टेकाडावरचा पर्जन्यमापक खराखुरा टिकटिकू लागला. टांक्याभोवतीच्या उतरत्या अंगणातून पाणी गढूळ ओहोळानं आत शिरलं. दोघी झाकणाला कान लावून त्याची गडगड ऐकत भिजत राहिल्या. बाईंना इतका आनंद झाला की त्या रडल्या, आणि पावसात ते कुणाला दिसलंही नाही.

"भाभीसा, मुलांना कळवा," केसर म्हणाली. "मी कुठे जात नाही."

पाऊस थांबल्यावर बाईंनी तिला पडद्यावर ढगाची वाट कौतुकानं दाखवली. रेघ ढाणीपर्यंत येऊन संपली होती.

"आपण हाक दिली नसती तर तो कुठे पडला असता?" केसरनं विचारलं.

बाईंनी रेघ पुढे नेली. "टेकड्यांपलीकडच्या ढाणीवर. बहुतेक."

"त्यांच्याकडे खांब आहे?"

"नाही."

केसर उठली. टांक्यातून पहिली कळशी भरून तिनं परिंड्यात पाणी ओतलं. बुलबुल आधीच काठीवर येऊन बसले होते.

"उद्या जीप काढा भाभीसा, तिथेही खांब लावू," ती म्हणाली. मग बुलबुलांकडे बघत तिनं विचारलं, "पण पाणी देताना पाखरांना आपण कधी विचारलं का, तुमच्या नावाचा खांब कुठे आहे म्हणून?"