पऱ्हाट्यांचा पडदा

धुळ्याच्या स्टँडवर ज्योत्स्ना जळगावच्या गाडीत चढली खरी, पण कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या विणून केलेला तिचा पडदा दारातच अडकला.

"ताई, सरपण टपावर टाका ना," मागून कुणीतरी म्हणालं.

"सरपण नाही ते. दुकानाची सजावट आहे." दिवसभर दुकानादुकानांतून नकार ऐकून तिचा आवाज पार थकला होता. "आणि मी तुमची ताई नाही."

"बरं झालं," तो म्हणाला... आणि पडद्याचं एक टोक धरून त्यानं तो अलगद आत घेतला.

लीलाधर त्याचं नाव. पारोळ्याला उतरेपर्यंत त्यानं तिच्याकडून सगळं काढून घेतलं — जंगलातलं सागवान नको, प्लास्टिक नको. शेत जे टाकून देतं त्यातूनच ती घरं-दुकानं सजवणार होती. पऱ्हाट्या, केळीच्या खोडाचं सोपट, पिवळी माती.

"घेतं का कुणी?"

"अजून तरी नाही."

"पऱ्हाट्या आमच्या वावरातल्या न्या. नाहीतरी जाळतोच आम्ही."

पुढच्याच महिन्यात जळगावच्या मदनलाल शेठनी साड्यांच्या नव्या दुकानाचं काम दिलं. तिचं पहिलंच काम! लीलाधर स्वतः टेम्पोभर पऱ्हाट्या घेऊन आला. काड्यांना अजून सुकी बोंडं लटकत होती.

"राहू द्यायची?" तिनं विचारलं.

"राहू द्या... छान दिसतं," तो चटकन म्हणाला.

दुकान उघडलं, लोकांनी पडद्याची वाहवा केली. आणि चैत्राचं ऊन तापलं तशा बोंडांतून गुलाबी अळ्या बाहेर पडायला लागल्या.

"गिऱ्हाइकाच्या पदरावर अळी पडली, बेन," मदनलाल शेठ म्हणाले. "औषध मारा, नाहीतर उचला हे. उद्या सनमायकावाला येतो."

"विष फवारून उभं करायचं, तर सनमायकाच काय वाईट?" ज्योत्स्ना म्हणाली. "आजचा दिवस द्या. हातानं एकेक बोंड काढते."

दुपारपर्यंत तिची बोटं सोलून निघाली. पाठ धरली. कशाला हा खटाटोप, असंही एकदा वाटून गेलं. एवढ्यात निरोप मिळून लीलाधर आला, आणि शेजारी बसून बोंडं तोडायला लागला.

"बठ्ठी चूक मनी शे... सगळी माझीच," तोडता तोडता तो पुटपुटला.

"कपाशी पिकवता ना तुम्ही? सुक्या बोंडात अळी लपते, हे माहीत नव्हतं?"

"आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल."

"मग त्या दिवशी छान दिसतं म्हणालात ते?"

"बोंडं पाहिली कुणी..." त्यानं मान खाली घातली. "मी तुमच्याकडं पाहत होतो."

तिची बोटं थांबली. इतकी दमली होती, की लाजायचंही त्राण नव्हतं — तरी कानांच्या पाळ्या तापल्याच.

गल्ल्यावरून शेठ उठून आले. मोकळ्या झालेल्या काड्यांवरून त्यांनी हात फिरवला, पडदा झटकून पाहिला. काही पडलं नाही. "राहू दे मग. सनमायकावाल्याला नको सांगतो," म्हणत ते चहा सांगायला गेले.

"पुढच्या दुकानाला पऱ्हाट्या कोण आणणार?" तिनं हळूच विचारलं.

"मीच. पण... परत तेच होणार."

"होऊ दे," ज्योत्स्ना म्हणाली. "बोंडं मी बघत जाईन. तुम्ही माझ्याकडंच बघा."