हिमनदीखालचं घर

हिमनदीतून येणाऱ्या ओढ्याचं पाणी दुधासारखं पांढुरकं, आणि थंड असं की हाडं बधिर व्हावीत. त्यात ऐन मध्यावर आल्डीसची घोडी अडून बसली... पुढे जाईना, मागे येईना.

"लगाम सोड!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. "घोडीला तुझ्यापेक्षा जास्त कळतं!"

तिने लगाम सोडला आणि घोडी खरंच चालू लागली. काठावर एक उंच तरुण उभा होता. खाडीपलीकडच्या वस्तीवरचा केतिल, हरवलेल्या मेंढ्या शोधत आलेला.

"आभार मानायची पद्धत नाही वाटतं तुमच्या दरीत?"

"घोडीचे मानीन की," आल्डीस म्हणाली आणि झगा पिळायच्या निमित्ताने पाठ फिरवली... हसू दिसू नये म्हणून.

त्या उन्हाळ्यात केतिलच्या मेंढ्या फारच हरवू लागल्या!

पण खाडीच्या दोन्ही काठांवरची वस्ती ओस पडत चालली होती. आदल्या हिवाळ्यात बर्फाचा कडा कोसळून दोन घरं माणसांसकट गाडली गेली. आता होडी पाण्यात लोटायलाही हात पुरेनात. ऑक्टोबरअखेर उरलेल्या सगळ्यांना न्यायला बोट येणार होती.

"तूही चल," केतिल म्हणाला.

"बाबांना कसं हलवू? कूस बदलली तरी कळवळतात..."



बोटीच्या दिवशी पहाटेच बाबा गेले. घरामागे, आईशेजारी, आल्डीस एकटी कुदळ मारत होती. जमीन गोठलेली. दोन तासांत वीतभर खड्डा झाला नाही. खाडीत भोंगा वाजला. पुन्हा वाजला. मग सगळं शांत.

कुणीतरी तिच्या हातातली कुदळ काढून घेतली.

"केतिल! बोट—"

"गेली."

"वेडा आहेस का? आता मे महिन्यापर्यंत बोट नाही!"

"सकाळी तुझ्या चुलीचा धूर दिसला नाही," तो म्हणाला. "तेव्हाच समजलो."

दिवस कलेपर्यंत दोघं खणत राहिली. घोंगडीत गुंडाळलेला देह दोघांनीच दोरांनी खाली सोडला. माती ओढून झाल्यावर केतिल खाली बघत म्हणाला, "तुझ्याशिवाय जायचंच नव्हतं मला. हिवाळाभर इथेच राहीन म्हणतो... तुझी हरकत नसेल तर."

"एका घरात? लोक काय म्हणतील?"

केतिलने रिकाम्या खाडीवरून नजर फिरवली.

"कुठले लोक?"

तिला हसू फुटलं... आणि हसता हसताच ती त्याच्या छातीवर डोकं टेकून, सकाळपासून पहिल्यांदा, हमसून हमसून रडली.