सहा खुंट्या

विज्ञान संग्रहालय प्रेक्षकांसाठी बंद होतं त्याच दिवशी सोन्याचं जुनं जहाजी घड्याळ चोरीला गेलं, आणि चार वाजेपर्यंत संचालकांनी चोर ठरवूनही टाकला.

"चोरीच्या गडबडीत तिथलं दोन पुरुष उंचीवरचं भिंतीवरचं घड्याळ खाली पडून एक वाजून दहा मिनिटांनी बंद पडलंय. तेव्हा आम्ही सगळे बाहेर जेवत होतो. आत एकटे रखवालदार काका."

गुप्तहेर बाईंनी मान डोलावली. त्यांचे सहकारी मास्तर वही काढून लंबकाकडे गेले. छतापासून लोंबणारा पितळी गोळा थांबलेला होता, भोवती लाकडी खुंट्या.

"दहाला मी झोका देतो," काका गुडघा चोळत म्हणाले. "झोक्याची दिशा बदलत नाही, पृथ्वीबरोबर खालची जमीन फिरते. दर पाव तासाला एक खुंटी पडते."

मास्तरांनी पडलेल्या मोजल्या. सहा. वहीत लिहिल्या आणि नेहमीप्रमाणे विसरले.

"आज कुठे होतात?" बाईंनी विचारलं.

"अकरा ते बारा या संचालक साहेबांसमोर, निवृत्तीचे कागद करत. मग इथेच. मीच चोरलं असं धरा."

त्यांचा मुलगा इथलाच वायरमन. शिडी टेकवून तो म्हणाला, "सकाळभर जिन्यातले दिवे बदलले. एकला सगळ्यांबरोबर जेवलो. विचारा कुणालाही." बापाकडे त्याने पाहिलं नाही.

बाईंनी सगळ्यांना लंबकापाशी बोलावलं.

"सहा खुंट्या म्हणजे दीड तास. लंबक साडेअकराच्या सुमारास थांबला, घाईत शिडीचा धक्का लागून. काका तेव्हा साहेबांसमोर होते, आणि या गुडघ्याने ते शिडी चढणार नाहीत. चोराने वरचं घड्याळ उतरवलं, काटे पुढे ढकलून ते फोडलं आणि एकला चारचौघांत जेवायला बसला."

वायरमन बापाकडे वळला. "बाबा, तुम्ही एकला घरी जाता ना! आज कशाला थांबलात?"

"तू परत आणून ठेवशील म्हणून."

मास्तरांनी वही मिटली. बाईंचा आवाज उतरला. "काका, बाराला तुम्ही आलात तेव्हाच ते घड्याळ एक दहा दाखवत होतं. सगळं कळलं तुम्हाला. आणखी सहा खुंट्या पाडल्या असत्यात, तर आम्ही फसलो असतो."

"हात पुढे केला होता. तीस वर्षांत हाताने एकही पाडली नाही, बाई. जमलं नाही." मग मुलाकडे बघून म्हणाले, "लहानपणापासून हा लंबक दाखवत आलो. याने कधी बघितलंच नाही."

संचालक खजील झाले. "काका, तुम्ही सुटलात."

"सुटलो खरा," काका म्हणाले. "पण साहेब, घरात आम्ही दोघंच होतो."