बाहेर पडल्याची नोंद नाही

हे खोटं वाटलं तर वाटू द्या. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि पुराव्यानिशी लिहून काढायच्या, हेच माझं काम. भुताखेतांना मी कधी हिंग लावूनही विचारलं नव्हतं.

पण जे झालं, ते झालं.

शनिवार, १४ जून. दुपारचे सव्वातीन. वर लख्ख ऊन. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराचं, जमिनीखालचं एअरपोर्ट स्टेशन. शहराचं नाव लिहीत नाही. तिथल्या सबवेवाल्यांनी, म्हणजे भुयारी मेट्रोवाल्यांनी, आधीच माझं डोकं पुरेसं खाल्लंय.

आईला नागपूरच्या परतीच्या विमानात बसवायचं होतं. सहा महिने ती आमच्याकडे राहिली होती आणि इथे राहायची मुदत सोमवारी संपत होती. विमान चुकवून चालणारच नव्हतं. आमची गाडी नेमकी गॅरेजमध्ये. कॅबमध्ये आईला मळमळतं. म्हणून ट्रेनने निघालो.

आमच्या उपनगरातून शहरापर्यंत रेल्वे आणि तिथून एअरपोर्टपर्यंत सबवे, असं दोन्हीचं मिळून एकच थ्रू तिकीट मिळतं. फोनवरही मिळतं. पण हातात कागद असल्याशिवाय आईला तिकीट काढल्यासारखं वाटत नाही. मग काय, कागदी काढली. तिचं एकेरी, माझं रिटर्न.

नियम साधा आहे. आत शिरताना तिकीट गेटच्या फटीत घालायचं, बाहेर पडताना पुन्हा घालायचं. प्रवास संपला की एकेरी तिकीट मशीन गिळून टाकतं. रिटर्न असेल तर परत देतं.

दोन बॅगा ओढत मी आधी बाहेर पडले. मागे वळून बघते, तर आई गेटच्या आतच कोणाशी तरी बोलत उभी.

पन्नाशीची एक बाई होती. केस विस्कटलेले. अंगात जाड लोकरी कोट...

जून महिन्यात.

"ताई, माझं तिकीट घेतच नाहीये हो हे," ती म्हणत होती. "बाहेर माझी माणसं थांबलीयेत."

परदेशात कोणी मराठीत 'ताई' म्हटलं की आमच्या मातोश्री विरघळल्याच. वाण्याच्या दुकानात भेटलेल्या बायकांनाही तिने घरी जेवायला बोलावलंय.

"अगं बाई, मग हे घ्या माझं," आई म्हणाली. "माझी लेक आहे ना बाहेर. ती बघेल."

लेक बघेल! हे आईचं आयुष्यभराचं पालुपद. बँकेचं काम, भावाची अ‍ॅडमिशन, बंद पडलेला फ्रिज... सगळं लेक बघेल.

"आई, देऊ नकोस!" मी ओरडले.

उशीर झाला होता.

मशीनने तिकीट गिळलं. गेट उघडलं. ती बाई माझ्या अगदी जवळून गेली. क्षणभर थांबून तिने एक लांब श्वास घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सॉरी गं."

आणि निघून गेली. एकदाही मागे न बघता.

मला वाटलं, किती सभ्य बाई आहे.

मी आईकडे वळले. तिला चांगलं झापणारच होते. तिचे ओठ हलत होते...

पण आवाज येत नव्हता.

मध्ये फक्त कमरेएवढं गेट. हात लांब केला तर खांद्याला लागेल इतकी ती जवळ. लोकांच्या बॅगांची चाकं ऐकू येत होती, गेटची पींपीं ऐकू येत होती. आईचा आवाज तेवढा नव्हता.

मी गेटशेजारच्या तिकीट बूथवर धावले. तिथल्या माणसाला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे स्क्रीन बघितली.

"युअर मदर ऑलरेडी एक्झिटेड, मॅम. थ्री सेव्हन्टीन."

"शी इज स्टँडिंग राइट देअर!"

त्याने मान वळवून आईच्या दिशेने बघितलं. नीट बघितलं.

"व्हेअर, मॅम?"

माझं टाळकंच सरकलं. चष्मा बदल म्हणावं! तेवढ्यात बॅग ओढत एक उंच माणूस आला आणि सरळ आईच्या अंगावर चालत गेला. ती कशीबशी बाजूला झाली. त्याने सॉरीसुद्धा म्हटलं नाही. आधी मला या लोकांच्या मॅनर्सचाच राग आला.

मग माझ्या लक्षात आलं... तिच्यासाठी कोणीच वाट सोडत नव्हतं. एकही माणूस नाही.

वीस मिनिटं अशीच गेली. चेक-इन बंद व्हायची वेळ जवळ येत होती. आई रडायला लागली होती. तेही बिनआवाजाचं. शेवटी मी माझं रिटर्न तिकीट गेटवरून तिच्या हातात दिलं. तिची बोटं बर्फासारखी गार लागली.

तिने ते फटीत घातलं. गेट उघडलं.

"...कधीची ओरडतेय मी! ऐकू येत नाही का तुला, वैदेही?"

मी तिला मिठी मारली. मशीनने तिकीट परत दिलं होतं. त्यावर नवीन छापलं होतं : परतीचा प्रवास, एन्ट्री, ३:४१.

मी टेस्टर. काय झालं ते मला लगेच कळलं. माझी जायची बाजू संपली होती, म्हणून गेटने मी परत आत शिरले असं धरलं. म्हणजे कागदोपत्री आई बाहेर आणि मी आत. मला हसूच आलं. आईचं विमान मिळालं, मी कॅबने घरी आले, विषय संपला.

असं मला वाटलं.

आठवडाभराने इंडियन ग्रोसरीचं आपोआप उघडणारं दार माझ्यासाठी उघडेना. मागून दुसरं कोणी आलं की उघडायचं. कॉफीच्या दुकानात काउंटरवरची मुलगी माझ्या मागच्या माणसाची ऑर्डर घ्यायची. मी चिडायचे, भांडायचे. भांडण तरी ऐकू जायला हवं ना.

आई व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर विचारायची, "तुझ्या मागे नेहमी गाडीचा आवाज का गं येतो?"

मी माझ्या किचनमध्ये असायचे. आमच्यापासून सर्वात जवळचे रूळ चार मैलांवर आहेत.

एका संध्याकाळी माझी नऊ वर्षांची रुही दारात उभी राहून हाका मारत होती. "मॉम? मॉम, व्हेअर आर यू?"

मी तिच्या समोर सोफ्यावर बसले होते...

ऑक्टोबरमध्ये माझ्या नवऱ्याने, संग्रामने, टेबलावर दोनच ताटं घेतली.

"सॉरी यार, कुठे लक्ष होतं कोणास ठाऊक," तो ओशाळून म्हणाला.

त्या आठवड्यातली ती तिसरी वेळ होती. त्या रात्री मी खूप रडले. माझ्याच घरातून मी पुसली जात होते.

सबवेच्या हेल्पलाइनला अकरा फोन केले. दर वेळी तेच.

"युअर ट्रिप इज स्टिल ओपन, मॅम. प्लीज एक्झिट."

"अहो, मी घरी आहे!"

"वी हॅव नो रेकॉर्ड ऑफ दॅट."

शेवटी म्हटलं, करते बाई एक्झिट. २२ नोव्हेंबर, शनिवार, भर दुपारी त्याच स्टेशनवर गेले. खूप हुज्जत घातल्यावर बूथवाल्याने बाजूचं गेट उघडून मला आत घेतलं. मी वळले आणि जुनं तिकीट फटीत घातलं.

लाल दिवा. मुदत संपली होती.

"एक्सक्यूज मी!" मी हाक मारली. आत्ताच माझ्याशी बोललेला तो माणूस... पेपर वाचत होता. मी किंचाळले. त्याने पान उलटलं.

मी गेटवरून उडी मारली. तीनदा मारली. तीनही वेळा आतच उतरले.

किती वेळ गेला, माहीत नाही. लोक अंगावर चालून येत होते आणि मी बाजूला होत होते. कोट घातलेली ती बाई आठवली. ती थंडीत आत शिरली होती आणि जूनमध्ये बाहेर आली होती.

"काय झालं गं बाळ? अडलीस का?"

पोपटी साडी, पायात स्पोर्ट्स शूज, खांद्यावरच्या पिशवीत डबे. सत्तरीच्या एक काकू थेट माझ्या डोळ्यांत बघत होत्या. कित्येक दिवसांत माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. त्यांचा मुलगा बॅगा घेऊन पुढे गेला होता, फोन कानाला लावून.

"तिकीट घेत नाहीये," मी म्हणाले.

"मग हे घे माझं. माझा लेक आहे बाहेर, तो बघेल."

मी नको म्हणायला हवं होतं. पुढे काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मला ती दोन ताटं दिसत होती. हाका मारणारी रुही दिसत होती.

मी तिकीट घेतलं.

मशीनने ते गिळलं. गेट उघडलं. मी लांब श्वास घेतला. "सॉरी काकू," मी म्हणाले. मागून त्या काहीतरी बोलत होत्या...

आणि मग अर्ध्या शब्दावर आवाज थांबला.

मी मागे बघितलं नाही.

आता दुकानाचं दार उघडतं. संग्राम तीन ताटं घेतो. हेल्पलाइनचा मेल आला, माझा प्रवास पूर्ण झाल्याबद्दल त्यांनी आभार मानलेत. मला मात्र जेवण जात नाही.

हे मी सगळ्यांसाठी लिहिलेलं नाही. त्या दिवशी करड्या जॅकेटमध्ये, फोनवर बोलत पुढे निघून गेलेल्या त्या मुलासाठी लिहिलंय. तुझी आई हरवलेली नाही, रे. ती गेटच्या आत, डावीकडे उभी आहे. तुला हाका मारतेय. तुझ्याकडे रिटर्न तिकीट असेल, तर ते तिच्या हातात दे.

पण तुझ्या घरी कोणी लहान असेल...

तर काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.