कोरड्या दिवसांतली गळती

थेंब पहाटे पडायचा. आईच्या रिकाम्या पलंगावर, आणि तेही आभाळात ढगाचा मागमूस नसताना.

छपरवाल्याने टाकीकडे बोट दाखवलं, नळवाल्याने छपराकडे. शेवटी थोरल्या भावाने, दादाने, निकाल दिला. सोमवारी खोली रिकामी करायची, आतलं लाकडी छत उचकटायचं आणि त्यावरचे पत्रे बदलून टाकायचे.

खोली रिकामी होणं धाकट्या बहिणीला, धाकटीला, नको होतं. आई जाऊन पाच महिने झाले होते, तरी त्या बंद खोलीत तिचा वास होता. कामावर निघताना ती तिथे रोज मिनिटभर उभी राहायची. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. सोमवारच्या आत गळती सापडायला हवी होती, म्हणून तिने थेंबबाईंना बोलावलं.

सगळी नोकरी इमारती तपासण्यात घालवलेल्या थेंबबाई आता फक्त गळत्यांचा माग काढत. शिडी घेऊन त्यांचे दीर सोबत आले, सर्दीने बेजार झालेले.

बाईंनी आधी छपरवाल्याला गाठलं. पत्र्याला एकही भोक नाही, असं तो शपथेवर म्हणाला. मग त्यांनी धाकटीला विचारलं, मध्ये पाऊस झाला होता का? गेल्या आठवड्यात दोन दिवस झाला होता, आणि नेमका त्या दोन्ही पहाटे पलंग कोरडा होता.

"मग टाकीच," दीर म्हणाले.

नळवाला हिरमुसला. बाईंनी टाकीत लाल रंग कालवला. सकाळी दादाला गुलाबी पाण्याने दाढी करावी लागली, पण पलंगावर ठेवलेल्या वाडग्यातलं पाणी नितळ होतं. त्यात धुळीचा कणही नव्हता. वर तेवढा एक पातळ, तेलकट तवंग तरंगत होता.

राहिले बाबा. ते म्हणाले, मी त्या खोलीत जातच नाही. गळतंय तर गळू दे, छताला मात्र हात लावू नका.

बाई खोलीत फिरल्या. खिडकी घट्ट बंद होती. झाडपूस करायला धाकटीने सगळ्यांना मनाई केली होती. चष्मा, कंगवा, रेडिओ, उशाशी ठेवलेलं आईच्या दम्याचं वाफेचं यंत्र. बाईंनी एकेका वस्तूवरून बोट फिरवलं आणि दर वेळी रुमालाला पुसलं. यंत्रानंतर मात्र पुसलं नाही.

"काही म्हणा वहिनी," दीर म्हणाले, "या खोलीत आलं की नाक मोकळं होतं."

"तुमच्यापेक्षा तुमचं नाक हुशार आहे, भाऊजी."

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं.

"पाणी वरून आलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "ते खालून वर गेलं. वाफ फळ्यांच्या फटींतून पत्र्यापर्यंत पोचते. आभाळ निरभ्र असलं की रात्री पत्रा गार पडतो, वाफेचं पाणी होतं, पहाटे ठिबकतं. ढगाळ रात्री पत्रा तेवढा गारठत नाही, म्हणून पावसात पलंग कोरडा. तवंग वाफेत टाकतात त्या नीलगिरीच्या तेलाचा आहे. सगळ्या खोलीत धूळ आहे, वाफेच्या यंत्रावर नाही. आणि बंद खोलीतसुद्धा वास पाच महिने टिकत नाही. कोणीतरी तो रोज आणतं."

सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळल्या.

"धाकटी कामावरून यायच्या आत यंत्र लावतो," बाबा म्हणाले. "तुमच्या आईची वाफ घ्यायची वेळ तीच होती. तेवढा वेळ वाटतं, आहे आत."

बाईंनी सांगितलं, काही तोडायची गरज नाही. यंत्र लावताना खिडकी उघडी ठेवली की झालं. दादाने छपरवाल्याला फोन करून सोमवारचं काम रद्द केलं. दीरांनी शिडी उचलली.

पाहुणे गेल्यावर धाकटी बाबांजवळ बसली.

"मी सकाळी जाते तिथे," ती म्हणाली. "रोज. मला वाटायचं, वास आपोआप राहिलाय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. पाच महिने दोघं एकाच दाराने आत जात होते, एकमेकांना चुकवून.

"उद्या मी आल्यावर लावू या. खिडकी उघडून."

"मग सकाळपर्यंत वास राहायचा नाही."

"नाही राहणार."



"बरं," बाबा म्हणाले. "पण लवकर ये. पाणी तापायला वेळ लागतो."